थालीपीठ भाजणीचा घरगुती धंदा: १५ हजारांत काय बसतं आणि काय नाही

घरून खाण्याच्या वस्तू विकायच्या ठरल्या की बहुतेक ठिकाणी सुरुवात नावापासून होते. मग लोगो, मग छापील पाऊच, मग इन्स्टाग्रामचं पान. प्रत्यक्ष माल करायची वेळ येते तेव्हा हातात दोन-तीन हजार उरलेले असतात, आणि तेही मावशीला आणि नणंदेला 'चाखायला' पाठवण्यात संपतात.

भांडवल कमी असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. नवं गिऱ्हाईक दारात आणायला जो खर्च येतो, तो पहिल्या पाकिटातून कधीच सुटत नाही. तो सुटतो त्याच घरात गेलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाकिटातून. म्हणून कुठलाही खर्च करताना एकच विचारायचं: यानं दुसरं पाकीट जाणार आहे का? छापील पाऊचनं जात नाही. नीट भाजलेल्या उडदानं जातं.

इथे उदाहरण थालीपीठ भाजणीचं घेतलंय, कारण थोड्या पैशांत सुरू करायला याहून सोयीच्या वस्तू कमी आहेत. तळण नाही, त्यामुळे तेलाच्या भावाची भानगड नाही. चकलीसारखी वाटेत मोडत नाही. कढई, परात, चाळणी घरात असतेच आणि दळायला कोपऱ्यावरची गिरणी आहे. शहरातल्या बऱ्याच घरांत भाजणी करणं थांबलंय, पण ती कशी लागायला हवी हे मात्र त्या घरांना पक्कं ठाऊक आहे. असं गिऱ्हाईक शिकवावं लागत नाही. ते चुकाही लगेच काढतं, पण तो धंद्याचा फायदाच समजा.

आधी हिशेब, मग चव

कच्च्या मालाचा १० किलोचा एक घाट, म्हणजे एका वेळी करायचा माल, धरू. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं. हे एक चालणारं प्रमाण: ज्वारी ३ किलो, तांदूळ २ किलो, बाजरी दीड किलो, हरभरा डाळ दीड किलो, अख्खे काळे उडीद १ किलो, गहू अर्धा किलो, धणे ४०० ग्रॅम, जिरे १०० ग्रॅम.

भाव गावोगावी आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे नमुन्याचे समजा आणि तुमच्या दुकानाच्या पावतीवरून बदला. ज्वारी ५० रुपये किलो धरली तर १५० रुपये, तांदूळ ५० नं १००, बाजरी ४० नं ६०, हरभरा डाळ ९० नं १३५, उडीद १२० नं १२०, गहू ४० नं २०, धणे १५० नं ६०, जिरे ३०० नं ३०. सगळं मिळून ६७५ रुपये.

आता या १० किलोंची १० किलो भाजणी होत नाही. भाजताना ओलावा उडतो, निवडताना खडे-काड्या जातात, गिरणीत थोडं पीठ राहतं. पाच ते आठ टक्के घट धरून चाला आणि पहिल्या तीन घाटांना प्रत्येक टप्प्यावर वजन करून स्वतःचा आकडा काढा. ९ किलो ३०० ग्रॅम हाती आली तर अर्ध्या किलोची १८ पाकिटं होतात आणि ३०० ग्रॅम उरते. ती उरलेली भाजणी घरच्या डब्यात टाकू नका, तिचं काम पुढे आहे.

बहुतेक जण इथेच हिशेब थांबवतात. ६७५ भागिले १८, म्हणजे पाकिटाला साडेसदतीस रुपये. जवळपास तिप्पट म्हणजे ११० रुपये किंमत लावली की भरपूर सुटतील, असं वाटतं.

आता राहिलेला खर्च मांडू. दळणावळ १० रुपये किलोनं १०० रुपये. गॅस ६० रुपये. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं नियमात बसत नाही, त्यामुळे दर व्यावसायिक सिलिंडरचाच धरा. गिरणीला जायची-यायची रिक्षा ६०. पाऊच ७ रुपयांप्रमाणे १२६, लेबल अडीच रुपयांप्रमाणे ४५. आणि मजुरी. निवडायला दीड तास, भाजायला दोन, गिरणीत एक, चाळणं-गार करणं-भरणं-चिकटवणं यात अडीच, असे सात तास. ताशी ७५ रुपये धरले तर ५२५.

एकूण झाले १,५९१. पाकिटाला ८८ रुपये आणि काही पैसे.

आता ती ११० रुपयांची किंमत दुकानदारासमोर ठेवून बघा. किराणा दुकान किंवा डेअरीवाला एमआरपीवर २० टक्के तरी मागतो. ११० मधून २२ गेले की तुमच्या हातात ८८. म्हणजे बरोब्बर शून्य. महिनाभर राबून धंदा 'चालतोय' असं वाटत राहतं, कारण मजुरी मोजलेलीच नसते आणि तीच नफा म्हणून दिसते. उद्या ऑर्डर वाढल्या आणि मदतीला बाई ठेवावी लागली की तो नफा एका दिवसात नाहीसा होतो.

म्हणून किंमत पहिल्या दिवसापासून दुकानाचं कमिशन धरूनच ठरवायची, भले पहिले सहा महिने दुकानात माल ठेवायचा नसला तरी. १४० रुपये एमआरपी लावली तर थेट विक्रीत ५२ सुटतात. २० टक्के देऊन दुकानात २४. २५ टक्के मागणाऱ्याकडे १७. सुरुवातीला ११० लावून नंतर १४० करणं फार अवघड. ओळखीचं गिऱ्हाईक तर हमखास म्हणतं, 'आम्हालाही त्याच भावात?'

आणखी एक पथ्य. दुकानात १४० आणि व्हॉट्सअॅपवर १२० असं करू नका. दुकानदाराला ते आठवड्याच्या आत कळतं आणि तुमचा माल खालच्या फळीवर जातो. थेट घेणाऱ्याला काही द्यायचंच असेल तर घरपोच द्या, किंवा चार पाकिटांवर १०० ग्रॅमची पुडी द्या. छापलेल्या किमतीला हात लावू नका.

१५ हजारांची वाटणी

काट्यात कंजुषी करू नका. स्वयंपाकघरातला चपटा डिजिटल काटा धंद्याला चालत नाही. विक्रीसाठी वजन करायचं तर वैधमापन खात्याचा पडताळणी शिक्का असलेलाच काटा लागतो. अडीच हजार त्याला धरा. हातानं दाबायचं आठ इंची सीलिंग मशीन दीड हजार. मोठे हवाबंद डबे आणि एक बारीक चाळण दीड हजार. साधे झिपचे उभे पाऊच सुरुवातीला शंभरच घ्या; नगाला ९ रुपये पडतील, म्हणजे ९०० (वरचा ७ चा दर पाचशे घेतल्यावर मिळतो). शंभर लेबलं ३००. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी १००. तीन घाटांचा कच्चा माल दोन हजारांच्या आसपास, आणि दळण-गॅस-रिक्षा ६६०. इथवर साधारण साडेनऊ हजार झाले.

उरलेल्यातले अडीच हजार नमुने आणि किरकोळ जाहिरातीला. बाकीचे तीन हजार हात न लावता ठेवायचे. एखादा घाट करपला, गिरणीत मिरचीचा वास लागला, दुकानदारानं पैसे दोन महिने लांबवले, तर पुढचा घाट त्यातूनच निघतो. छोटे धंदे तोट्यापेक्षा या एका घाटाच्या पैशावाचून जास्त बंद पडतात.

छापील पाऊच या रकमेत बसत नाही आणि बसवूही नये. सिलिंडर पद्धतीच्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि माल हजारांनी उचलावा लागतो. त्यानंतर किंमत बदलली, पत्ता बदलला, प्रमाण बदललं की तो गठ्ठा रद्दी. साध्या पाऊचवर स्टिकर लावा. स्टिकर लेझर प्रिंटवर काढा. इंकजेटची शाई ओल्या हातानं पसरते आणि तारीखच वाचता येत नाही.

भाजताना काय बिघडतं

प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, हे सगळ्यांना माहीत असतं; पण १० किलो समोर आल्यावर 'ज्वारी-बाजरी एकत्र टाकू' असा मोह होतो. बाजरीचा दाणा लहान, ती आधी होते. ज्वारी तडतडून फुलायला लागेपर्यंत बाजरी करपते आणि कडवटपणा सगळ्या घाटात उतरतो. एका वेळी कढईत ५०० ते ६०० ग्रॅमच घ्या, आच मध्यम. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, पण आतून दाणा कच्चा राहतो. असं पीठ थापताना बोटांना चिकटतं आणि थालीपीठ मधे पिठूळ लागतं. धणे-जिरे शेवटी, आच बंद केलेल्या गरम कढईतच. त्यांना एवढी ऊब पुरते.

बाजरीकडे जास्त लक्ष द्या. तिच्यात स्निग्धांश बऱ्यापैकी असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो. बाजरीचं पीठ घरात फार दिवस का ठेवत नाहीत, त्याचं कारण हेच. नीट भाजल्यानं ही क्रिया मंदावते. म्हणजे कच्ची राहिलेली बाजरी चवीबरोबर टिकण्यालाही मारक आहे. दोन महिन्यांनी 'वास येतोय' अशी तक्रार आली तर पहिला संशय बाजरीवर घ्या.

तांदूळ आणि डाळी धुऊन घेत असाल तर सावलीत कापडावर पूर्ण वाळल्याशिवाय कढईत टाकू नका. पावसाळ्यात हे जमत नाही. तेव्हा न धुता ओल्या फडक्यानं पुसून घ्या, किंवा पावसाळ्यापुरते घाट कमी करा. श्री महिला गृह उद्योगाच्या, म्हणजे लिज्जतच्या, सात जणींनी १९५९ मध्ये गिरगावात ८० रुपयांच्या कर्जावर पापड सुरू केले, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. लिज्जतची ही गोष्ट ८० रुपयांसाठी सगळे सांगतात. खाट-स्टोव्ह मात्र विसरतात, आणि कमी भांडवलात खरं कामाचं तेच आहे.

गिरणीत जाण्याची वेळ गिरणीवाल्याशी बोलून ठरवा. तिखट-मसाला दळणारी गिरणी वेगळी असेल तर उत्तम. नसेल तर तांदूळ किंवा ज्वारीच्या दळणानंतर तुमचा नंबर लावून घ्या. तरीही पहिलं अर्धा किलो पीठ वेगळं काढा आणि वास घ्या. चांगलं असेल तरच मिसळा. थालीपिठाला पीठ किंचित रवाळ हवं. 'भाजणी आहे, जाडसर ठेवा' एवढं सांगून लगेच निघून येऊ नका. पहिली मूठ बोटांत घेऊन बघेपर्यंत तिथेच उभं राहा.

गिरणीतून पीठ गरम येतं. घरी आल्या आल्या पाकिटं भरली की आत वाफ धरते, दोन दिवसांत गुठळ्या होतात आणि पुढे बुरशी. परातीत, स्वच्छ कापडाखाली, रात्रभर पसरून ठेवा आणि सकाळी भरा.

भरण्याआधी प्रत्येक घाटाचं एक थालीपीठ करायचंच. कडेला चिरा पडून तुटत असेल तर पीठ जास्त जाडसर आहे किंवा उडीद कमी पडलेत. ज्वारी-बाजरीला स्वतःचा चिकटपणा नसतो, तो उडीद देतात. चिकटत असेल तर भाजणं कमी पडलंय. असा घाट विकू नका, घरी संपवा. प्रत्येक घाटाची १०० ग्रॅमची एक पुडी तारीख घालून बाजूला ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी उघडून वास घ्या. पाकिटावर 'तीन महिन्यांच्या आत वापरावे' लिहायचं की दोन, हे या पुड्याच सांगतात. शेजारणीच्या पाकिटावर काय छापलंय ते बघून तारीख टाकू नये.

कागद

घरगुती प्रमाणावर एफएसएसएआयचा परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. शुल्क वर्षाला १०० रुपये, अर्ज त्यांच्या फोसकॉस पोर्टलवर स्वतः करता येतो. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो. दीड-दोन हजार घेणारे एजंट हेच करून देतात. मिळालेला १४ आकडी क्रमांक लेबलवर हवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे फुकट आहे. तिथे कुठेही पैसे भरायचे नसतात. पैसे मागितले की समजा, तुम्ही भलत्याच संकेतस्थळावर आहात.

जीएसटीत महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. पण ही सूट राज्यातल्या विक्रीपुरती. पणजीच्या, बेळगावच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकाला कुरिअरनं विकलेलं एक पाकीटही आंतरराज्य विक्री ठरतं आणि तिथे नोंदणी लागते. परदेशातल्या लेकीसाठी आई इथेच येऊन घेऊन जाते, तो प्रश्न वेगळा. सुरुवातीला 'सगळीकडे कुरिअर मिळेल' असं लिहायची घाई करू नका.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (वजनाच्या उतरत्या क्रमानं), निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, एका ग्रॅमची किंमत (१४० रुपयांच्या अर्ध्या किलोला ०.२८ रुपये), बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत, घाटाचा क्रमांक, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, आणि 'यात गहू आहे' ही सूचना. सगळ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे लेबल नुसतं मराठीत करणं. नियमाप्रमाणे ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला खुशाल द्या. आणि 'मधुमेहावर उपयुक्त', 'वजन घटवते' वगैरे लिहू नका. औषधाचे दावे खाण्याच्या पाकिटावर चालत नाहीत, आणि थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवणाऱ्याला ते पटतही नाहीत.

गिऱ्हाईक: पत्रक की पुडी

हजार पत्रकं छापून पेपरमध्ये टाकायची तर दोनेक हजार जातात. त्यातली बरीच पेपर झटकल्यावरच खाली पडतात. तेवढ्याच पैशांत १०० ग्रॅमच्या शंभराहून जास्त पुड्या होतात, कारण पुडीला पडतात साधारण १८ रुपये.

१०० ग्रॅमच का? एका थालीपिठाला ६० ते ७० ग्रॅम भाजणी लागते. ३० ग्रॅमची चिमुकली पुडी दिली तर तिचं काहीच होत नाही. ती फ्रिजवर पडून राहते. १०० ग्रॅममध्ये दोन लहान थालीपिठं होतात, म्हणजे नवरा-बायकोचा एक नाश्ता. घाटामागे उरलेल्या ३०० ग्रॅममधून चाखायचं थालीपीठ आणि तारखेची पुडी गेली तरी अशी एक पुडी निघते, तेवढी तर फुकटच पडली.

पुडी कुणालाही वाटायची नाही. ज्या घरात दोघं नोकरी करतात, जिथे शाळेचा डबा भरावा लागतो, जिथे सासूबाई गावी असतात आणि भाजणी यायची बंद झालेली असते, अशी घरं शोधा. चार इमारतींच्या सोसायटीत अशी तीस-चाळीस घरं सहज निघतात. पुडीसोबत नाव आणि फोन लिहून घ्या, आणि 'चार दिवसांनी फोन केला तर चालेल ना?' हे तेव्हाच विचारा.

आता त्या फोनबद्दल. 'आवडली का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'हो, छान होती.' मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. या उत्तरानं तुम्हाला काहीच कळत नाही आणि बोलणंही तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा, 'थापताना तुटलं का हो?' किंवा 'पाणी किती लागलं?' मग समोरून खरं यायला लागतं: 'तुटलं नाही, पण तिखटमीठ मलाच जास्त घालावं लागलं', 'जरा कोरडं झालं', किंवा 'अजून केलंच नाही, रविवारी करते.' शेवटच्या उत्तराला गिऱ्हाईक गेलं असं समजू नका. सोमवारी पुन्हा फोन करा. कोरडं झालं म्हणणारीला सांगा की भाजणी कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटं झाकून ठेवा. हीच ओळ पुढच्या लेबलवर छापा. अर्ध्या तक्रारी पाकिटाच्या नव्हे, भिजवण्याच्या असतात.

विकलेल्या प्रत्येक पाकिटाची वहीत नोंद हवी: नाव, इमारत, तारीख, किती पाकिटं, घरात माणसं किती, आणि शेवटी 'कधी संपेल'. अर्ध्या किलोची सात-आठ थालीपिठं होतात. चौघांच्या घरात हा एका भरपेट नाश्त्याचा माल. पण बहुतेक घरांत दोनदा करून संपतो, साधारण तीन आठवडे ते महिनाभरात. त्या तारखेच्या आधीच्या गुरुवारी-शुक्रवारी संध्याकाळी निरोप टाका: 'ताजी भाजणी झाली आहे, शनिवारी आणून देऊ का?' सोमवारी सकाळी टाकलेला तोच निरोप वाया जातो, कारण थालीपीठ हा शनिवार-रविवारचा बेत असतो. कमी पैशांतली सगळ्यात कमाऊ जाहिरात ही वही आहे.

व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे; त्यात कॅटलॉग, ठरावीक उत्तरं आणि लेबलं मिळतात. 'नमुना दिला', 'एकदा घेतली', 'नेहमीचे', 'पैसे बाकी' अशी चार लेबलं पुरतात. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय. ही गोष्ट न कळल्यानं कित्येकांना वाटतं की लोक उत्तर देत नाहीत. खरं तर निरोप पोचलेलाच नसतो. पुडी देतानाच नंबर जतन करायला सांगा. दोनशे जणांचा ग्रुप काढू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि तिसऱ्या दिवशी तिथे सुप्रभातची फुलं यायला लागतात.

फोटो पिठाचा काढू नका. पीठ सगळ्यांचं सारखंच दिसतं. खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, मधे भोक पाडलेलं खरपूस थालीपीठ आणि बाजूला लोणी. फ्लॅश बंद.

गुगलवर धंद्याची नोंद फुकट होते. घराचा पत्ता उघड करायचा नसेल तर तो लपवून नुसता 'कुठल्या भागात पोचवतो' एवढंच दाखवता येतं. अभिप्राय मागा, पण त्याच्या बदल्यात सवलत देऊ नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि नोंद उडू शकते. पैसे देऊन जाहिरात मात्र वहीत पन्नास नेहमीची घरं होईपर्यंत नकोच.

प्रदर्शनाचा मोह होईल. स्टॉलचं भाडं दोन दिवसांचं ३,००० असेल तर ५२ रुपयांप्रमाणे ५८ पाकिटं विकल्यावर नुसतं भाडं सुटतं. तुमचे दोन दिवस, टेम्पो आणि चहा त्यात नाही. सोसायटीच्या गणपतीत ५०० रुपयांचं टेबल मिळत असेल तर दहा पाकिटांत ते सुटतं, आणि घेणारी माणसं चालत येण्याच्या अंतरावर राहतात. भीमथडी किंवा महालक्ष्मी सरससारख्या मोठ्या जत्रांत विक्री जोरात होते. पण तिथली गिऱ्हाइकं कुठकुठून आलेली असतात, दुसरं पाकीट त्यांना कसं पोचवणार याचं उत्तर आधी तयार हवं.

दुकानदार सुरुवातीला माल जाकडावरच ठेवतो, म्हणजे विकला तर पैसे. हरकत नाही, पण एका दुकानात बारापेक्षा जास्त पाकिटं ठेवू नका आणि दर पंधरवड्याला स्वतः जाऊन मोजा. तारीख जवळ आलेली परत आणा आणि ताजी ठेवा. डिलिव्हरी चलनावर सही घ्या. 'आठच दिली होती तुम्ही' हे वाक्य सहीनं टळतं. पहिल्या फेरीचे पैसे आल्याशिवाय दुसरी फेरी नाही, हे सुरुवातीलाच गोड बोलून सांगा. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

सोसायटीतली उधारीही अशीच. १४० रुपये मागायला लाज वाटते आणि देणाऱ्याच्या ते लक्षातच राहत नाही. पाकिटासोबत क्यूआर कोड पाठवा आणि धंद्यासाठी वेगळं खातं ठेवा. एकाच खात्यात किराणा, लाइटबिल आणि भाजणी आली की महिन्याअखेरीस काय सुटलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पुढे सरकारच्या मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज मागायला गेलात तर बँकेला दाखवायला हेच खातं कामी येतं.

एक फसवणूक हल्ली सर्रास चालते. अनोळखी माणूस पन्नास पाकिटांची ऑर्डर देतो, भाव करत नाही, कॅन्टीन किंवा छावणीचं नाव सांगतो आणि 'आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' म्हणतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तो विचारला गेला की फोन ठेवून द्या. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हाही पुरावा नव्हे. खात्यात दिसले तरच माल हलवा.

सणांचं गणित वेगळं ठेवा. उपवासाच्या भाजणीला आषाढी, श्रावण आणि नवरात्राच्या आधी मागणी येते. तिची कढई, चाळण, डबे वेगळे लागतात आणि गिरणीत धान्याच्या दळणामागे ती दळून चालत नाही, त्यामुळे घरघंटी असलेलं घर शोधावं लागतं. दिवाळीत चकली करून विकण्यापेक्षा चकलीची भाजणी विका. तळणाचं तेल, मोडतोड आणि रात्रीची जागरणं वाचतात. त्यासाठी दसऱ्यालाच वहीतल्या प्रत्येक घराला विचारा, किती किलो हवी, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. कच्चा माल त्यातूनच येतो. दळण दिवाळीच्या दहा दिवस आधी उरकायला हवं. शेवटच्या आठवड्यात गिरणीपुढे डब्यांची रांग लागते, गिरणीवाला दोन दळणांमधे जातं साफ करत नाही, आणि तुमच्या चकलीच्या भाजणीत कुणाच्या तरी अनारशाचं पीठ निघतं.